मोडतोड करणाऱ्या मुलांचा न्याय

वाचावयाचे शास्त्रभाग : निर्गम २२:१–६, लेवीय ६:१–५, लूक १९:१–१०, इफिसकरांस ६:४



उन्हाळ्याच्या सुटीत शाळांची दारे बंद होतात आणि गावातील मुले दिवसभर मोकळी असतात. अशा वेळी कोठे प्रार्थनामंदिराची तावदाने फुटतात, कोठे शाळेच्या नळाच्या तोट्या नाहीशा होतात, कोठे कोणाच्या घरावरील कवेलू दगडांनी फुटलेले आढळतात, तर कोठे शेतात अंथरलेल्या ठिबकाच्या नळ्या कोणी कापून टाकलेल्या असतात. केळापुरापासून पुसदेपर्यंत असे गाव क्वचितच असेल की, जेथे ही तक्रार कधी ऐकू आली नाही. मग पारावर दोन मते निघतात. एक पक्ष म्हणतो, पोरांना धरून चांगले बडवा, म्हणजे पुन्हा हात लावणार नाहीत. दुसरा पक्ष म्हणतो, अहो, लेकरे आहेत, सोडून द्या. पहिल्या पक्षाला मुलाचा विसर पडतो, दुसऱ्याला शेजाऱ्याचा. परंतु परमेश्वराच्या न्यायात दोघांपैकी कोणाचाही विसर पडत नाही. म्हणून, ज्या मुलाने दुसऱ्याच्या वस्तूची नासधूस केली त्याला न्यायाने शिक्षा कशी करावी, ह्याचा आज आपण शास्त्राच्या आधारे विचार करू.

पहिला विचार : नुकसान कोणाचे झाले?

मोशेच्या नियमशास्त्रात निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात शेतकऱ्याच्या रोजच्या जीवनातली दोन उदाहरणे दिली आहेत. एखाद्याची गुरे दुसऱ्याच्या शेतात शिरून चरली, तर गुरांच्या धन्याने आपल्या शेतातल्या उत्तम पिकातून भरपाई करावी. तसेच कोणी आग लावली, ती काट्याकुट्यात पसरली आणि शेजाऱ्याच्या सुड्या किंवा उभे पीक जळाले, तर आग लावणाऱ्याने ते नुकसान भरून द्यावे. पाहा, आग लावणाऱ्याने शेजाऱ्याचे पीक जाळावयाचे ठरविले होते असे तेथे म्हटलेले नाही. तरीही भरपाई त्याच्यावर आहे. गंमत म्हणून केले, ही सबब जळालेली सुडी परत उभी करीत नाही.

ह्या नियमात आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. भरपाई राजाच्या तिजोरीत जात नाही. ज्याचे पीक गेले त्याच्याच घरी ती पोहोचते. लेवीयाच्या सहाव्या अध्यायात तर क्रमही सांगितला आहे. ज्याने शेजाऱ्याचे काही बुडविले असेल त्याने मूळ वस्तू परत द्यावी, तिच्या पंचमांशाची भर घालावी, ती ज्याची त्याला द्यावी, आणि मग परमेश्वरापुढे दोषार्पण आणावे. आधी शेजारी, मग वेदी. आपल्या प्रभूनेही डोंगरावरील प्रवचनात हाच क्रम ठेवला आहे (मत्तय ५:२३, २४). म्हणून मुलाला प्रार्थनेत रडावयास लावून, शेजाऱ्याच्या दाराशी मात्र न नेणे, हा अर्धाच न्याय होय.

दुसरा विचार : छडीविषयी काय?

कोणी विचारील, नीतिसूत्रांत तर छडी आवरू नये असे सांगितले आहे (१३:२४). होय, सांगितले आहे. परंतु त्या वचनाचा भर प्रीतीवर आहे. जो बाप लेकरावर प्रीती करतो तो त्याला शिस्त लावण्याचे टाळत नाही, हा त्याचा अर्थ. तेच शास्त्र मारण्यालाही मर्यादा घालते. अनुवादाच्या पंचविसाव्या अध्यायात मोठ्या मनुष्यालाही चाळिसांहून अधिक फटके मारू नयेत अशी आज्ञा आहे, आणि तिचे कारणही तेथेच दिले आहे : तुझा भाऊ तुझ्या दृष्टीने हलका ठरू नये. शिक्षा भोगतानाही तो भाऊच राहतो. आणि प्रेषित पौल बापांना बजावतो की, मुलांना चिडीस आणू नका, त्यांना प्रभूच्या शिस्तीत व बोधात वाढवा (इफिसकरांस ६:४). कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात तो आणखी सांगतो की, तसे केल्याने मुले खिन्न होतात (३:२१).

कित्येक जण अलीशाला हिणविणाऱ्या मुलांची गोष्ट पुढे करतात. परंतु तो परमेश्वराचा न्याय होता. शेजाऱ्याने शेजाऱ्याच्या मुलावर चालवावयाचा तो नियम नव्हे. शोमरोनी गावावर आकाशातून अग्नी पाडावा असे जेव्हा शिष्यांना वाटले, तेव्हा प्रभूने त्यांनाच धमकाविले (लूक ९:५४, ५५).

देशाचा कायदाही आज स्पष्ट आहे. २००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाप्रमाणे शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा देण्यास व मानसिक छळ करण्यास मनाई आहे. अधिकाऱ्यांच्या अधीन असावे असे शास्त्र शिकविते (रोमकरांस १३). तेव्हा आपल्यापैकी जे शिक्षक आहेत त्यांनी ही गोष्ट इतरांच्या आधी पाळावी हे शोभते.

आणि कायदा बाजूस ठेवला, तरी एक साधा हिशेब राहतो. तावदान फोडणाऱ्या मुलाला चार तडाखे दिले म्हणजे काय होते? मुलाच्या मनात हिशेब चुकता होतो : मी फोडले, मला मारले, फिटंफाट झाली. पण तावदान फुटलेलेच राहते आणि पावसाचे पाणी आत येतच राहते. मारणाऱ्याचा राग शमला, मुलाचा आड निघाला, आणि ज्याचे नुकसान झाले तो होता तेथेच राहिला. ह्याला आपण न्याय कसे म्हणावे?

तिसरा विचार : आधी चौकशी

निकदेमाने परूश्यांच्या सभेत विचारले होते की, मनुष्याचे ऐकून घेतल्यावाचून व त्याने काय केले हे कळल्यावाचून आपले नियमशास्त्र त्याला दोषी ठरविते काय (योहान ७:५१). मुलांच्या बाबतीत हा प्रश्न आपण फार विसरतो. लोकमान्य टिळकांच्या बालपणची शेंगांच्या टरफलांची गोष्ट महाराष्ट्रातील प्रत्येक घरी सांगितली जाते. ज्याने शेंगा खाल्ल्या नाहीत त्याने टरफले का उचलावीत, हा त्या गोष्टीतला प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात सापडते, की ज्याचा अपराध त्यालाच दंड. चार मुलांनी केलेल्या मोडतोडीबद्दल सगळ्या रविवारशाळेला उन्हात उभे करणे हा न्याय नव्हे, ती केवळ सोय आहे.

आता जे सांगावयाचे आहे ते आपल्या लोकांना विशेष लागू आहे. गावात काही मोडले की प्रथम कोणाचा मुलगा धरला जातो? ज्याच्या बापाच्या पाठीशी कोणी नाही त्याचा. २०१८ च्या जून महिन्यात जळगाव जिल्ह्यातील जामनेर तालुक्यात, वाकडी ह्या गावी, दुसऱ्याच्या विहिरीत पोहल्याबद्दल मातंग समाजातील मुलांना नग्न करून मारण्यात आले, आणि त्याचे चित्रण सर्वत्र पसरले. पुढच्याच वर्षी, जून २०१९ मध्ये, आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात आर्वी येथे चोरीच्या संशयावरून एका लहान मुलाला मंदिराच्या आवारात तापलेल्या फरशीवर उघडे बसविण्यात आले व ते लेकरू भाजले. विहीर कोणाची होती, मुले तेथे का गेली, संशय खरा होता की खोटा, हे प्रश्न विचारावयाचे होते. परंतु ते विचारण्याआधीच शिक्षा झाली होती. ज्या शिक्षेत मुलाची लाज लुटली जाते तिला सूड म्हणावे, शिक्षा म्हणू नये.

बंधूंनो, असे अन्याय सोसलेल्या लोकांतूनच आपल्यापैकी पुष्कळ जण प्रभूकडे आले. म्हणून तराजू आपल्या हाती येईल तेव्हा आपण अधिक जपले पाहिजे. मंडळीच्या वडिलांच्या मुलाने तावदान फोडले तर तो खेळ, आणि मजुराच्या मुलाने फोडले तर तो गुन्हा, असे आपल्यामध्ये होते काय? याकोबाने सोन्याच्या अंगठीविषयी व मळक्या वस्त्राविषयी जे लिहिले (२:१–४), ते मुलांच्या न्यायालाही लागू आहे.

चौथा विचार : वय आणि मन

सात वर्षांखालील मुलाचे कृत्य अपराध होत नाही, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाला आपल्या कृत्याचे स्वरूप कळण्याइतकी समज आली होती की नाही हे पाहावे, हा नियम १८६० सालच्या दंडविधानात होता. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही तो राखला आहे. अठरा वर्षांखालील मुलांसाठी २०१५ चा बाल न्याय कायदा असून त्यांचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे चालते. मुलाला समज देणे, त्याच्याकडून समाजोपयोगी काम करून घेणे, आईबापांनी दंड भरणे, चांगल्या वर्तनाच्या हमीवर त्याला देखरेखीखाली सोडणे, आणि फारच झाले तर तीन वर्षांपर्यंत विशेष गृहात ठेवणे, अशा पायऱ्या त्या कायद्यात आहेत. सरकारही जर पायरीपायरीने जाते, तर आपण एकदम शेवटची पायरी का गाठावी?

आणि मुलाचे मन ओळखावे. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत होऊन गेलेला मंडळीचा थोर आचार्य ऑगस्टिन ह्याने आपल्या आत्मनिवेदनात आपल्या सोळाव्या वर्षीची एक गोष्ट लिहून ठेवली आहे. रात्री सोबत्यांबरोबर जाऊन त्याने शेजारच्या झाडाची नासपाती फळे झोडून नेली. भूक नव्हती, घरी त्याहून चांगली फळे होती. ती फळे त्यांनी बहुतेक डुकरांपुढे टाकली. पुढे त्याने स्वतःला विचारले की, मी हे का केले? आणि त्याला आढळले की, एकटा असतो तर मी ते केले नसते. सोबत्यांच्या संगतीची व निषिद्ध गोष्टीची गोडी मला लागली होती. ज्याला पुढे देवाने मंडळीचा अध्यक्ष केले, त्याच्या हातूनही हे घडले होते.

ह्यावरून दोन गोष्टी शिकाव्या. एक अशी की, पापाचे मूळ मुलाच्याही हृदयात आहे. ती नुसती लेकरांची गंमत नव्हे. दुसरी अशी की, टोळीने केलेल्या कृत्यात पुढारी कोण, मागून गेलेला कोण, आणि भीतीने गप्प राहिलेला कोण, हे वेगवेगळे ओळखावे. तिघांना सारखाच दंड देणे हे दिसावयास समान असले, तरी न्याय्य नाही. ह्यासाठी प्रत्येकाला एकेकटे, शांतपणे, त्याच्या आईच्या किंवा बापाच्या देखत विचारावे. चारचौघांत किंवा व्यासपीठावरून नाव घेऊन कधीही विचारू नये.

पाचवा विचार : न्याय्य शिक्षा कशी असावी

१९७४ साली कॅनडा देशातील ओंटारिओ प्रांतात, एल्मायरा नावाच्या गावी, दोन तरुणांनी दारूच्या नशेत एका रात्रीत बावीस ठिकाणी मोडतोड केली. मार्क यांत्सी नावाचा मेनोनाईट मंडळीचा एक मनुष्य तेथे न्यायालयाच्या कामावर होता. त्याने न्यायाधीशांना सुचविले की, ह्या तरुणांना ज्यांचे नुकसान झाले त्यांच्या दाराशी नेले तर? न्यायाधीशांनी ते मान्य केले. ते तरुण एकेका दारात गेले, आपणच ते केले असे म्हणाले, नुकसान किती झाले ते त्यांनी ऐकून घेतले, आणि काही महिन्यांत ते भरून दिले. त्या लहान गावातील प्रयोगापासून पुढे अनेक देशांत अपराधी व पीडित ह्यांना समोरासमोर आणून समेट घडविण्याची रीत रूढ झाली. जे त्या न्यायाधीशाला नवे वाटले असेल, ते शास्त्र वाचणाऱ्याला नवे वाटू नये. ते लेवीयाच्या सहाव्या अध्यायातच आहे.

आपल्या गावासाठी हीच रीत अशी धरावी. समजा, पाच मुलांनी एका शेतकऱ्याच्या ठिबकाच्या नळ्या कापल्या. प्रथम बापाने मुलाला घेऊन त्या शेतकऱ्याच्या घरी जावे, आणि मुलाने स्वतःच्या तोंडाने म्हणावे, “काका, तुमच्या नळ्या मी कापल्या, चूक झाली, मी भरून देतो.” हे शब्द चार फटक्यांहून जड आहेत, हे कोणत्याही मुलाला विचारून पाहावे. दुसरे, शेतकऱ्याला बोलू द्यावे. त्या नळ्यांसाठी आपण कोठून पैसे आणले, पाणी न मिळाल्याने किती झाडे सुकली, हे त्याने सांगावे व मुलाने ऐकावे. आपण प्लास्टिक कापत नव्हतो, एका घराची भाकर कापत होतो, हे त्याला तेव्हा कळेल. तिसरे, नुकसानीची किंमत शेजाऱ्याने व वडिलांनी मिळून ठरवावी. रागाची किंमत तीत मिळवू नये. चौथे, ज्याचा वाटा अधिक त्याने अधिक भरावे, आणि ते होईल तितके आपल्या हातांनी भरावे. नळ्या जोडण्यास मदत करणे, बांधावरचा कचरा काढणे, फुटलेल्या काचा जपून वेचल्यावर भिंत धुणे, मंदिराच्या अंगणात झाडलोट करणे, अशी कामे असावीत.

ह्या ठिकाणी दोन सूचना आवश्यक आहेत. सधन बापाने शंभर-दोनशेच्या नोटा टाकून मुलाला घरी नेऊ नये. तसे केल्यास, पैसा असला म्हणजे वाटेल ते मोडता येते, हाच धडा मुलगा शिकतो. उलट, गरीब बापावर सगळा रोख दंड लादू नये. कारण आपल्या कापूसपट्टीतले कर्ज किती घरांना खाऊन गेले आहे हे आपण जाणतो, आणि मुलाच्या दगडापायी बापाने सावकाराची पायरी चढावी हा न्याय नव्हे. दुसरी सूचना : मुलाचे काम शाळेच्या वेळेबाहेर, थोड्या दिवसांचे व त्याच्या वयाला झेपेल असे असावे. भरपाईच्या नावाखाली कोणी फुकटचा गडी मिळवू नये. विहिरीत उतरविणे, विजेच्या मोटारीला हात लावावयास सांगणे किंवा फवारणी करावयास लावणे तर मुळीच नको. २०१७ साली आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन कित्येक शेतकरी व मजूर प्राणास मुकले, हे आपण विसरलो नाही.

शिक्षा फार हलकी असली तरीही मन दुखावते. मे २०२४ मध्ये पुण्यात एका अल्पवयीन मुलाने भरधाव चालविलेल्या मोटारीखाली दोन तरुण जीव गेले, आणि जामिनाच्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट आहे असे लोकांनी ऐकले, तेव्हा देशभर संताप उसळला. ते प्रकरण मोडतोडीहून फार मोठे. परंतु ते एक सत्य दाखविते, की शिक्षेला नुकसानाशी काही माप असले पाहिजे, नाहीतर ज्याचे गेले त्याला आपली किंमत शून्य आहे असे वाटते. ज्याचे एक तावदान फुटले त्यालाही थोड्या प्रमाणात तसेच वाटत असते.

सहावा विचार : शिक्षेचा शेवट

प्रत्येक न्याय्य शिक्षेला शेवट असतो. ठरलेले काम झाले, नळ्या जोडल्या गेल्या, शेतकऱ्याने पाहिले आणि पुरे म्हटले, की त्या दिवशी ती गोष्ट संपली. त्यानंतर त्या मुलाला कोणी काचफोड्या म्हणू नये; पुढच्या वर्षी दुसरे काही मोडले तर प्रथम त्याच्याच घरी जाऊ नये. करिंथ येथील मंडळीने ज्याला शासन केले होते त्याच्याविषयी पौल लिहितो की, आता पुरे, आता त्याला क्षमा करा व धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल (२ करिंथ २:६–८). आणि शिक्षा चालू असतानाही मुलाला रविवारशाळेतून बाहेर काढू नये. ज्याला वैद्याची गरज आहे त्यालाच दवाखान्याबाहेर कसे ठेवावे?

जक्कयाची गोष्ट आठवा. प्रभूने त्याला झाडावर पाहून प्रथम हिशेब मागितला नाही. मी आज तुझ्या घरी उतरणार, असे त्याला कळविले. लोक कुरकुरले. परंतु प्रभू घरात आला आणि जक्कय स्वतःच उभा राहून बोलला की, ज्याचे मी अन्यायाने घेतले त्याला चौपट परत देतो. कृपा आधी आली, आणि भरपाई तिच्या मागोमाग आली; कृपेने भरपाई रद्द केली नाही, उलट ती गोड केली. ज्या मुलाला ठाऊक असते की माझा बाप मला सोडणार नाही, तोच मुलगा बापाचा हात धरून शेजाऱ्याच्या दाराशी जाण्यास धजतो.

आणि ज्या मुलाला बापच नाही, किंवा ज्याचा बाप दारूत बुडालेला आहे, त्याचे काय? त्याच्यासाठी मंडळी आहे. पौलाने अनेसिमासाठी फिलेमोनाला लिहिले की, त्याचे काही देणे असेल तर ते माझ्या हिशेबी मांड. सुवार्तिक बंधूंनो, मंडळीच्या वडिलांनो, तुमच्या गावात असा एखादा मुलगा असेल, तर त्याच्याबरोबर त्या दाराशी तुम्ही जा. त्याच्याजवळ बसून तुम्हीही एक नळी जोडा. ज्याने आपले न फिटणारे कर्ज वधस्तंभावर आपल्या अंगी घेतले त्याच्या सेवकांना हे काम कमीपणाचे नाही.

हे न्यायी व दयाळू पित्या, आमच्या लेकरांना दुसऱ्याच्या श्रमाचा मान राखावयास शिकीव. आणि आम्हांला रागावाचून न्याय करण्याचे व न्याय न सोडता क्षमा करण्याचे ज्ञान दे. आमेन.